टपावरची कोंबडी

दाणीकाका गेल्यावर त्यांची पुस्तकं अंगणवाडीत येऊन पडली तेव्हा मी मुलांची वजनं करत होते. दारात मालाचा ऑटो थांबला आणि त्यातून दोन पोती आणि एक पत्र्याची पेटी उतरली. ऑटोवाला म्हणाला, "दाणी साहेबाच्या पोरानं पाठवलं. घर खाली करून राह्यले ते." आमची मदतनीस लिलाबाई पुढे झाली. पोत्याचं तोंड सोडून तिनं आत पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हे तं सारे आपलेच पुस्तकं हायत."

खरंच होतं ते. या खोलीत येऊन, मुलांच्या हातचे खिचडीचे डाग घेऊन परत गेलं नाही असं एकही पुस्तक त्यात नव्हतं. सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं. पेटीत सगळ्यांत वर त्यांची लाकडी पट्टी, शाईनं काळी पडलेली. मी सहसा रडत नाही. अंगणवाडीत ते काम दुसऱ्यांकडे असतं. पण त्या दिवशी वजनकाटा लिलाबाईच्या हाती दिला आणि मागच्या बाजूला जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले.

आमचा तांडा दिग्रसहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मी याच तांड्यातली, बाहेर शिकून परत इथंच आलेली. काका दिग्रसचे. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जन्मभर कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले आणि रिटायर झाले. काकू आधीच गेलेल्या. एकुलता मुलगा नितीन पुण्यात, त्याची बायको तिथंच नोकरीला, आणि त्यांची मुलगी इरा. काकांच्या आयुष्यात सांगण्यासारखं आणखीही काही असेल, पण मला माहीत असलेले काका फक्त चित्रांच्या पुस्तकांभोवतीचे आहेत. तेवढेच पुरे झाले.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं तपासणी आली. खिशाला पेन लावलेला अनोळखी माणूस मोपेडवरून तांड्यात शिरला की आम्हा सेविकांना दुसरं काही सुचतच नाही. मी पोषण आहाराचं रजिस्टर पुढे ओढलं, लिलाबाईनं खिचडीवर झाकण टाकलं. काकांनी चप्पल बाहेर काढली, रुमालानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुमच्याकडे तीन-चार वर्षांची मुलं आहेत ना?"

"अंगणवाडी हाय काका, म्हाताऱ्यायची नाही," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे खरं बोलणारी पाहिजेत," ते म्हणाले. "मला एक पुस्तक तपासून घ्यायचं आहे."

मग कळलं ते असं. इरा तेव्हा तीन वर्षांची होती. दर रविवारी सकाळी काका मोबाइलवरून तिला एक पुस्तक वाचून दाखवायचे आणि मग त्याची नवी प्रत पोस्टानं पाठवायचे. पण तपासल्याशिवाय पुस्तक नातीपुढे ठेवायला ते तयार नव्हते. शेजारपाजारची मुलं त्यांनी करून बघितली होती. "ती सगळ्यालाच छान म्हणतात," काका म्हणाले. "आईबापांनी शिकवलं आहे. मला कंटाळा आला की उठून जाणारी पाहिजेत." तशी मुलं माझ्याकडे भरपूर होती.

त्या दिवसापासून दर शनिवारी काका येऊ लागले. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं यायचे म्हणून भुवयांवर रुई चिकटलेली असायची. मुलं त्यांना बापू म्हणू लागली. काकांना मुलांचा लळा होता असं कुणाला वाटेल, पण तसं काही नव्हतं. शेंबडाची त्यांना किळस होती. एखादं पोर मांडीवर येऊन बसलं की हातात गरम भांडं दिल्यासारखे ताठ व्हायचे आणि मी सोडवेन या आशेनं माझ्याकडे बघायचे. मी मुद्दाम थोडा वेळ सोडवायची नाही.

वाचायचेही कचेरीतला हुकूम वाचून दाखवतात तसे. वाघ असो, म्हातारी असो, पावसाचा ढग असो, आवाज एकच. आवाज बदलून, हातवारे करून मुलांपुढे नाचायचं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मी एकदा तसं सुचवलं. काका म्हणाले, "वाघाचा आवाज मी काढला तर मुलं माझ्याकडे बघतील. वाघाकडे कोण बघेल?"

पण त्यांची खरी तऱ्हा निराळीच होती. काका पुस्तक उलटं वाचायचे. म्हणजे पुस्तक गुडघ्यावर, चित्रं मुलांच्या बाजूनं सरळ, आणि स्वतः वरून वाकून उलटी अक्षरं वाचत. कचेरीत टेबलाच्या त्या बाजूला इंजिनिअर बसायचे आणि या बाजूला काका उभे राहायचे. नकाशा नेहमी साहेबांच्या बाजूनं सरळ. जन्मभर उलटे नकाशे वाचून त्यांना ही सवय लागली होती, आणि ती इथं कामाला आली. एक ओळ डोळ्यांनी उचलायची, आणि मग ती म्हणेपर्यंत नजर पोरांच्या तोंडांवर. "पुस्तक मुलांनी बघायचं असतं," ते म्हणायचे. "आपण मुलं बघायची. पुस्तक चांगलं की वाईट ते पुस्तकात लिहिलेलं नसतं बाई, पोराच्या तोंडावर असतं."

त्याच्याही आधी पुस्तकाला त्यांच्या पट्टीखालून जावं लागायचं. प्रत्येक पानावर अक्षरांवर पट्टी ठेवायचे आणि नुसती चित्रं बघत जायचे. गोष्ट कळली तर ठीक. मग पट्टी काढून मोठ्यानं वाचायचे. एकाच जागी दोनदा जीभ अडखळली तर पुस्तक बंद. चित्रात लाल फुगा आहे आणि खालीही 'हा लाल फुगा' असंच लिहिलं आहे, तर ते चिडायचे. "अरे, दिसून राहिला ना तो. दिसतं ते कायले सांगतो?" शेवटच्या पानावर चांगलं वागण्याचा उपदेश असला की, "आला मास्तर दारात," म्हणून ते पुस्तक मोपेडच्या डिकीत परत जायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, चित्रात असं काहीतरी हवं जे शब्दांनी सांगितलेलं नाही. कोपऱ्यातली मुंगी, पलंगाखालचा एकटा जोडा. "ते पोरासाठी ठेवलेलं असतं," काका म्हणायचे. "ते आपण दाखवायचं नाही. कितीही जीव तडफडला तरी बोट लावायचं नाही."

असं एक पुस्तक त्यांना पुसदच्या एका दुकानात सापडलं. एक जुनी खटारा बस बाजाराच्या गावाला निघते. वाटेत माणसं चढतात, उतरतात, टायर बसतो, पुढे बस चिखलात रुतते, सगळे उतरून ढकलतात, आणि शेवटी बाजार येतो. एवढीच गोष्ट. पण पहिल्या पानापासून बसच्या टपावर एक कोंबडी बसलेली आहे. शब्दांत तिचं नाव कुठेही नाही. पानोपानी ती टपावर काही ना काही करत असते. कधी कुणाच्या गाठोड्यातले दाणे टिपते, कधी छत्रीखाली झोपते. आणि चिखलाच्या पानावर, सगळी माणसं मागून बस ढकलत असताना, ती ड्रायव्हरच्या जागेवर येऊन बसलेली असते.

काकांनी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तो शनिवार मला आठवतो. आधी कोंबडी कुणालाच दिसली नाही. मग एका पोरीनं बोट दाखवलं, "मुर्गी." दुसऱ्याला दिसली. मग पुढचं पान उलटायच्या आधीच सगळे पुढे सरकले. चिखलाच्या पानावर तर पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. काका तसेच कोरड्या आवाजात, बस रुतली, सगळ्यांनी जोर लावला, असं वाचत होते, पण त्यांचे डोळे एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर फिरत होते आणि भरून आले होते. पुस्तक संपलं तर मुलं म्हणाली, "अजून एक डाव." काकांच्या लेखी पास होण्याची खूण एवढीच होती.

रविवारचं वाचन कसं चालतं ते मी एकदा पाहिलं. बाजारातून येताना त्यांच्याकडे गेले होते. काकांनी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या दोन बरण्या ठेवल्या होत्या, त्यांच्यावर आडव्या दोन पट्ट्या, आणि पट्ट्यांवर व्हिडिओ कॉल लावलेला मोबाइल पालथा. मोबाइलच्या खाली पुस्तक सरकवायचं आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं, उलटं, वाचायचं. तिकडे पुण्यात इराला अख्खं पान सरळ दिसायचं. काकांना दिसायची ती मोबाइलची पाठ. बसचंच पुस्तक चाललं होतं. चिखलाचं पान आलं आणि पालथ्या मोबाइलमधून बारीक आवाज आला, "आबा, कोंबडी गाडी चालवते." काका म्हणाले, "असं? मला नाही दिसली. कुठे आहे?" मग ती हसत सुटली. काका टेबल दोन्ही हातांनी धरून उभे होते.

फोन झाल्यावर मी विचारलं, "काका, मंग ते पोरगी तुमाले दिसतच नाही?"

"ऐकू येते ना," ते म्हणाले. "चेहरा मी शनिवारी तुमच्याकडे बघून ठेवतो."

मला तेव्हा ते फार गमतीचं वाटलं. तांड्यात येऊन मी सगळ्यांना सांगितलं.

आता पायलची गोष्ट सांगितली पाहिजे. पायल चार वर्षांची. दिवाळी झाली की आमच्या तांड्यातली बरीच घरं ऊसतोडीला जातात, होळीच्या पुढेमागे ट्रक परत येतात. कुणी लेकरं सोबत नेतं, कुणी आजीपाशी ठेवतं. पायलला आजीपाशी ठेवलं होतं. त्या थंडीत काकांनी मांजराच्या पिल्लाचं एक पुस्तक आणलं. पिल्लू आईला शोधत घरभर फिरतं, आणि शेवटच्या पानावर आई सापडते. पट्टीच्या सगळ्या परीक्षा पास झालेलं पुस्तक. पहिल्याच पानावर पायलनं विचारलं, "याडी कत छ?" आई कुठंय. प्रत्येक पानावर तिचं तेच. बाकीची पोरं हसायला लागली. शेवटचं पान आलं, आई सापडली, पोरं खूश झाली. पायल उठली. आपली ताटली घेऊन दारात जाऊन बसली, रस्त्याकडे तोंड करून. खिचडी आली तरी आत आली नाही.

काका कितीतरी वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग पेन्सिल काढून त्यांनी पुस्तकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं, 'होळीनंतर'. मला म्हणाले, "पुस्तकात काही चूक नाही. माझी चूक झाली. पुस्तक बघितलं, महिना बघितला नाही." आणि खरंच होळीनंतर, ट्रक परत आल्यावर, त्यांनी ते आठवणीनं आणलं. पायल आईच्या मांडीवर बसून ऐकत होती. याडी कत छ, हे ती तेव्हाही विचारत होती, पण आईच्या तोंडाकडे बघून, हसत. तेव्हापासून दर वर्षी ते पुस्तक होळीनंतरच यायचं, आणि आल्यावर पोरांनाही माहीत असायचं की आता सगळ्यांच्या आया घरी आहेत.

काकांच्या या काटेकोरपणाचा आम्हाला तोटाही झाला. यवतमाळच्या कुठल्याशा मंडळाची माणसं एकदा चकचकीत पुस्तकांचं खोकं घेऊन आली. बॅनर बांधला, फोटो झाले. नेमका शनिवार. काका कोपऱ्यात बसून एकेक पुस्तक पट्टीखालून काढत होते आणि बाजूला ठेवत होते. त्यांच्यातल्या एका ताईंनी हौसेनं विचारलं, "कशी वाटली काका?" काका म्हणाले, "कागद चांगला आहे." मग बराच विचार करून म्हणाले, "एक ठेवा. बाकीच्या प्रत्येकात मास्तर बसला आहे." त्या मंडळाकडून पाण्याचा फिल्टर यायचा होता. तो काही आला नाही. मी काकांना दोन शनिवार चहा दिला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. त्यांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ती होळी आली. ट्रक परत आले, तांडा भरला, रंग झाले. शनिवारी मी म्हटलं, "काका, मांजराचं आणलं ना?"

"यंदा राहू द्या," काका म्हणाले.

त्यांनी पिशवीतून दुसरंच काहीतरी काढलं आणि वाचायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा ते मुलांकडे न बघता वाचत होते. वाचून झाल्यावर मोपेडला किक मारता मारता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं की नितीन आणि त्याची बायको वेगळे झाले. इरा आईकडे आहे. "फोनचं अजून काही ठरलं नाही," म्हणाले. "ठरेल."

ते ठरलं नाही. सुनेचा नंबर बदलला. नितीनला महिन्यातून एकदा मुलगी भेटायची, तीही मॉलमध्ये, आणि तेवढ्यात म्हाताऱ्याला फोन लावून देणं त्याला जमायचं नाही किंवा सुचायचं नाही. काकांनी जुन्या पत्त्यावर पाठवलेली पुस्तकं परत आली. ते कुणालाच बोल लावायचे नाहीत. सुनेविषयी वाईट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मीच एकदा रागानं काही बोलले तर म्हणाले, "तिच्याही घरात ती एकटीच आहे बाई. माझ्या बरण्या आणि पट्ट्या तिनं कुठवर सांभाळायच्या?" मला मात्र राग यायचा, आणि कुणावर काढावा ते कळायचं नाही.

तरीही शनिवार चालू राहिले. काका पुस्तकं आणत, पट्टी लावत, वाचत. म्हणत, "हे इराला आवडेल. ती सध्या पायातल्या चपला मोजते." किंवा, "हे नको, इरा अंधाराला भिते." आमची पोरं येत होती, जात होती. पायल पहिलीत गेली, मग दुसरीत. तिच्या मागची पोरंही शाळेत गेली. काकांच्या बोलण्यातली इरा मात्र चपला मोजत होती आणि अंधाराला भीत होती. एके दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, आता इरा शाळेत जात असन. वाचत असन आपल्या मनानं. हे असे पुस्तकं तिले कायले?"

लिलाबाईनं माझ्याकडे डोळे वटारले. काकांनी पट्टी खाली ठेवली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "हिशोब करता येतो मला. पण ती पोरगी मी बघितली नाही ना. मोठ्या इराला काय आवडतं, कशाला भिते, मला काही म्हणजे काही माहीत नाही. मी त्या पोरीपर्यंत गेलोच नाही बाई. मी पुस्तक निवडू तर कोणासाठी निवडू?"

मग त्यांनी पट्टी उचलली आणि पुढचं पान झाकलं. मी आत जाऊन खिचडी ढवळत बसले. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात नितीनचा निरोप आला. इराच्या मावशीचं घर यवतमाळला लोहाऱ्याकडे आहे, तिथं लग्नकार्यासाठी मायलेकी येणार होत्या. रविवारी सकाळी तासभर भेटायला हरकत नाही, असं इराच्या आईनं कळवलं होतं. काका त्याच्या आदल्या आठवड्याच्या शनिवारी आले ते पुस्तक न घेता. आल्या आल्या म्हणाले, "तुम्ही सोबत चला. मुलांचं तुम्हाला कळतं."

"मले कळते अन् तुमाले नाही?"

"चौथीतल्या मुलांचं मला काही कळत नाही," ते म्हणाले.

तो आठवडाभर काका पुसदला जाऊन आले, दिग्रसच्या शाळेबाहेर उभे राहून मुलांच्या दप्तरांकडे बघून आले, जाड जाड गोष्टींची पुस्तकं घरी आणून पट्टीशिवाय वाचत बसले. त्यांत चित्रंच नव्हती, पट्टी ठेवून बघणार काय? रविवारी सकाळी एसटीत बसलो तेव्हा त्यांच्या पिशवीत एकच पुस्तक होतं, खाकी कव्हराचं. मी काढून बघितलं. बसचं. इराला पाठवलेल्या प्रतीसारखीच, पण ही आमच्या मुलांच्या डागांची.

"हेच?" मी विचारलं.

"तिची माझी ओळख इथंच थांबली आहे," काका म्हणाले. "चिखलाचं पान आलं की आठवेल तिला. तेवढं एक पान मला तिच्या तोंडाकडे बघून वाचायचं आहे. बाकी काही नको."

यवतमाळ येईपर्यंत मी खिडकीतून पऱ्हाटीची, कापूस वेचून रिकामी झालेली शेतं बघत होते आणि मनात म्हणत होते की देवा, एवढं एक पान होऊ दे.

मावशीच्या घरी लग्नाची गडबड होती. इराची आई दारातच भेटली. थकलेली, सभ्य बाई. काकांच्या पाया पडली. हळूच म्हणाली, "बाबा, तिला तेव्हाचं फारसं आठवत नाही. मनाला लावून घेऊ नका." काका म्हणाले, "नाही, नाही. लहानच होती." आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. चिवड्याच्या बशा आल्या. मग इरा आली. उंच झालेली, चष्मा लावलेली, केसांत पट्टा. तिनं वाकून नमस्कार केला आणि समोरच्या खुर्चीत नीट बसली.

"आजोबा, प्रवास बरा झाला ना?" तिनं विचारलं.

काका तिच्याकडे बघत होते. इतका वेळ बघत होते की ती गोंधळून चष्मा सारखा करायला लागली. मीच मग शाळेचं विचारलं. ती भराभर बोलली, हुशार होती. काकांनी विचारलं, काय वाचतेस. तिनं दोन-तीन इंग्रजी पुस्तकांची नावं घेतली. "मोठी असतात ती. चित्रांची मी आता नाही वाचत," ती म्हणाली, आणि आजोबांना वाईट वाटलं की काय म्हणून लगेच पुढे म्हणाली, "पण चित्रांची पण छान असतात."

"एक वाचू का तुला?" काका म्हणाले. "छोटंसंच आहे."

"हो, वाचा ना," ती म्हणाली. पाहुण्याला हो म्हणतात तसं.

काकांनी पिशवीतून पुस्तक काढलं. गुडघ्यावर ठेवलं, चित्रं तिच्या बाजूनं, आणि वरून वाकून पहिली ओळ म्हटली, त्याच कचेरीतल्या आवाजात. ओळ उचलून त्यांनी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. आमच्या तांड्यातल्या कितीतरी मुलांची तोंडं त्यांनी या एका तोंडासाठी वाचली होती. आता ते हातभर अंतरावर होतं.

इरा पुढे वाकली. तिनं अगदी हळू, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करावी तसं, पुस्तक त्यांच्या हातांतून सोडवून घेतलं, फिरवलं आणि सरळ करून त्यांच्या हातात दिलं.

"आजोबा, तुम्ही उलटं धरलं होतं," ती म्हणाली.

मी तिला सांगायला तोंड उघडलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि नको म्हणून बारीकशी मान हलवली.

"हो का?" ते तिला म्हणाले. "बरं केलंस बेटा. डोळ्यांचं असं होतं आता."

त्यांनी पुस्तक उचलून आपल्यासमोर सरळ धरलं. तिच्याकडे खाकी कव्हर. सरळ अक्षरं वाचताना ते अडखळत होते, आणि पुस्तकामागे त्यांचं तोंड दिसत नव्हतं. बस निघाली. माणसं चढली, टायर बसला. इरा हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी ऐकत होती. मग चिखलाचं पान आलं. बस रुतली, सगळ्यांनी जोर लावला, असं काकांनी वाचलं आणि ते थांबले. पान उलटलं नाही. तीही थांबली, ते पान उलटतील म्हणून. बाहेर कुणीतरी तिला हाक मारत होतं. मी काकांच्या शेजारच्या खुर्चीत होते आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली कोंबडी मला दिसत होती.